एकमेव परवानाधारक

लोटन आबांच्या उजव्या हाताची वीत मी चार वेळा मोजली आणि चारही वेळा ती साडेबावीस सेंटिमीटर भरली. तरीही त्या वितीने त्यांनी मोजून दिलेले मासे मी पट्टीवर ठेवले तेव्हा त्या आकड्यांत ना मेळ होता, ना नियम. माझ्या नोकरीतली ती पहिली नोंदवही. ती मला जशीच्या तशी टाकून द्यावी लागली. आबांविषयी माझ्यापाशी जी माहिती आहे, तिचेही असेच आहे. सुटी पाहिली तर प्रत्येक नोंद खरी ठरते, आणि सगळ्या एकत्र ठेवल्या की निष्कर्ष निघत नाही.

मत्स्यविज्ञानाची पदवी घेतल्यावर मी सहा महिन्यांच्या कंत्राटावर विसरवाडीजवळच्या एका लहान धरणावर रुजू झाले. त्याआधी मार्चअखेरीस महामार्गावरच्या वळणावर मळीचा टँकर ओढ्यात कलंडला होता. मळी म्हणजे साखर करून झाल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. ती स्वतः विषारी नसते, परंतु पाण्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. धरण त्या दिवसांत तळाला गेले होते. दोन दिवसांत रोहू, कटला आणि बारीकसारीक सगळी मासळी पांढरी पोटे वर करून काठाला लागली. जगली ती मुख्यतः मरळ, कारण मरळ पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेते. उरलेल्या माशांपैकी कोणता, कोणत्या हंगामात, केवढा आणि किती धरू द्यावा, याची शिफारस मला करायची होती.

जाळ्यांवर वर्षभराची बंदी आधीच आली होती. माझ्याकडे उरला तो गळ. कागदावर जाळे म्हणजे व्यवसाय आणि गळ म्हणजे हौस, अशी सरळ विभागणी होती, आणि त्या धरणावर हौशी मासेमारीचा परवाना असलेला माणूस एकच होता: लोटन आबा. प्रत्यक्षात काठावर रोज संध्याकाळी पाड्यातल्या पंधरा-वीस बायका गळ टाकून बसत. त्यांच्यापाशी परवाना नव्हता, आणि हौसही नव्हती. त्या रात्रीच्या कालवणासाठी बसत.

आबा मूळचे कोरीटचे. घरी भावांची बागायती शेती. स्वतः आबा पाटबंधारे खात्यात धरणाची पातळी वाचण्याच्या कामावर लागले आणि त्याच कामावरून निवृत्त झाले. त्यांची बायको, म्हणजे काकू, कोरीटलाच राहत. आबांनी मात्र धरणाच्या भिंतीखाली एक खोली घेतली होती आणि आठवड्यातून एकदा ते घरी जाऊन येत. खात्यातून मिळालेले खाकी सदरे अजून संपले नव्हते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बसायला जुन्या टायरचा तुकडा, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत परवाना. तो त्यांना कोणी कधी विचारत नसे, तरी बसण्याआधी ते तो काढून पाहत आणि पुन्हा ठेवत.

मरळीच्या गळात त्यांचा हात धरणारा त्या काठावर कोणी नव्हता. बेडकाचे आमिष ते पाण्यावर असे चालवत की तो बेडूक स्वतःच्या कामाला निघाला आहे असे वाटे. आणि हा माणूस शाकाहारी होता. मासा त्यांच्या चुलीवर कधी चढला नाही. धरलेली मरळ ते डावीकडे बसलेल्या जेमीबाईच्या टोपलीत टाकत आणि हात मातीने घासून धूत.

न खाणाऱ्याने मासे का धरावेत, हा प्रश्न मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला, उत्तर पडताळून पाहावे म्हणून. पहिल्यांदा ते म्हणाले, "येळ जास. आनखी काय?" दुसऱ्यांदा म्हणाले, "तुन्ही काकू बोलस. मासा बोलत नही." तिसऱ्यांदा त्यांनी गळावरून नजर काढली आणि खरोखर विचारात पडल्यासारखे माझ्याकडे पाहिले. "माले काय ठाऊक, बेटा? तू शिकेल शे. तू सांग."

जेमीबाई पाड्यातली. वय साठीकडे झुकलेले, आणि तिच्या बोलीत सगळ्यांनाच तू. मासे मेले त्या सकाळची हकिकत मला तिनेच सांगितली. बायका टोपल्या घेऊन मेलेले मासे वेचत होत्या. वाळवले तर पावसाळा निघेल, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात आबा बांधावरून धावत आले आणि उंच आवाजात म्हणाले, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की सदर मासे खाण्यास सक्त मनाई आहे."

बायकांना वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले. एरवी हा माणूस अहिराणीशिवाय बोलत नसे. कार्यालयातली मराठी त्यांच्या तोंडून फक्त घाबरल्यावर येई. हे मला पुढे समजले, त्या सकाळी कोणालाच समजले नव्हते. बायका हसत वेचत राहिल्या. मग आबांनी एकेक टोपली हिसकावून मातीत उपडी केली आणि वरून पायाने माती लोटली. जेमीबाईने रिकामी टोपली त्यांच्या पाठीत घातली.

पुढे पाण्याचा अहवाल आला. मासे गुदमरून मेले होते, विषाने नव्हे. तेव्हापासून जेमीबाईने ती गोष्ट सोडली नाही. आबा गळ टाकायला बसले की ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणे, "चांगले मासे मातीत पुरले या म्हाताऱ्याने. आता एकेक काढून परत देतो." आबा गळाला नवा बेडूक लावत. मी एकदा त्यांना सांगितले की टँकरमध्ये काय आहे हे त्या सकाळी माहीत नसताना त्यांनी केले ते योग्यच होते. ते म्हणाले, "पन वाळाडेल मासा दोन महिना पुरता त्यास्ले." म्हणजे योग्य होते की नव्हते, याचा निर्णय त्यांनी माझ्यावरच टाकला.

वितीची गोष्ट मे महिन्यातली. गळाच्या माशांना किमान लांबी ठरवून पाहावी, असा मी तात्पुरता नियम घातला: चौतीस सेंटिमीटरच्या आतला मासा परत पाण्यात. काठावर पट्टी कोणाकडे असणार? म्हणून मी त्याचे रूपांतर दीड वितीत केले. मला ते फार समंजसपणाचे वाटले होते. आठवड्याभरात माझ्या लक्षात आले की सगळे मासे एकच बाई मोजते आहे. पाड्यातली सर्वांत लहान हाताची सून शोधून तिला काठावर बसवले होते. तिच्या वितीने बोटभर झिंगासुद्धा नियमात बसला असता.

मी बैठक घेतली आणि सांगितले की वीत कोणा एकाचीच प्रमाण धरली पाहिजे. बायकांनी एकमुखाने आबांचे नाव घेतले. आबांनी पंजा उघडून माझ्यापुढे धरला, मी तो मोजला, आणि दुसऱ्या दिवसापासून मासे धरणारीने आबांकडे यायचे, आबांनी वीत लावायची आणि चालेल किंवा नाही ते सांगायचे, असे सुरू झाले. मी नोंद करत गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी चालेल म्हटलेले मासे अधूनमधून मी पट्टीवर ठेवू लागले. कोणाचा चौतीस, कोणाचा अडतीस, जेमीबाईचा एकोणतीस. घरी खाणारी तोंडे जास्त तशी आबांची वीत आखडे, आणि विसरवाडीच्या ढाब्यावर मासे विकणाऱ्या बाईपुढे ती अंगठा तुटेल एवढी ताणली जाई.

मी त्यांना विचारले की हे ते जाणूनबुजून करतात का. ते दुखावले गेले. त्यांनी माझ्यासमोर वहीच्या पानावर पंजा ठेवला, आणि तो पुन्हा साडेबावीसच भरला. "देख," ते म्हणाले, "हात तोच शे." त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. आजही मला खात्रीने सांगता येत नाही की त्यांना आपल्या हाताचे हे वागणे ठाऊक होते.

लांबीचा नियम मी मागे घेतला आणि हंगामाकडे वळले. माझी शिफारस तयार होती. पाऊस लागताच धरणात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची होती. मरळ ही शिकारी जात. ती बोटुकली खाऊन टाकते. म्हणून पावसाळ्यात इतर सर्व मासे बंद ठेवावेत आणि मरळ खुली ठेवावी, दर गळाला दिवसाला दोन. मरळ कमी होईल, पिल्ले वाचतील, बायकांना कालवणही मिळेल. एका नियमात तीन प्रश्न सुटत होते. अशा शिफारशीने माझे नाव व्हावे, अशी माझी इच्छा होती, हे लपवत नाही.

ग्रामपंचायतीच्या खोलीत ती वाचून झाली तेव्हा सर्वांनी माना हलवल्या. मग आबा उभे राहिले. मला वाटले, दोनऐवजी तीन मागतील. ते म्हणाले, "सदर कालावधीत मरळ धरण्यास माझी हरकत आहे."

त्या धरणावर मरळीचा सर्वांत मोठा शिकारी मरळ बंद करा म्हणत होता. सरपंचांनी कारण विचारले तेव्हा आबा माझ्याकडे वळले आणि आपल्या बोलीवर आले. "बेटा, तुन्हा कागदमा मरळ एकली शे. पाणीमा एकली नही. पाऊसमा तिन्हा खाले लाल पिल्लं ऱ्हातस, पुंजका करीसन. बाप त्यास्वर पाहारा देस. गळ टाका का बापच धावी येस, कारण पिल्लंजोडे बेडूक उना. तो बाप काढी लिधा, का तासभरमा दुसरा मासा पिल्लं खाई टाकतस. मंग पुढला साले काय धरशात?"

हे पुस्तकातही होते. मरळीचा नर पिल्लांची राखण करतो, हे मी परीक्षेत लिहिलेले होते. परंतु शिफारस करताना मला मरळ फक्त खाणारी दिसली होती.

जेमीबाई दाराशी बसली होती. ती उठली नाही, बसूनच बोलली. "आबा, तू खात नाहीस. तुला काय जातं? तुझ्या घरी डाळ आहे. जाळं बंद, रोहू बंद, आता मरळही बंद. दोन महिने आम्ही पाणी बघत बसायचं?"

"तिन्हं बी खरं शे," आबा म्हणाले आणि खाली बसले.

सरपंचांनी विचारले, "मग हरकत मागे घेता का?"

"नही."

"मग लिहायचं काय?"

"दोन्ही खरं शे. लिखी ल्या."

तसे लिहिता येत नाही. नियमाला एकच बाजू असावी लागते. त्या रात्री मी पुस्तके पुन्हा काढली, आणि दोन दिवसांनी शिफारस बदलून आषाढ-श्रावणात मरळही बंद केली. मोडणाऱ्यासाठी कलम घातले: विनापरवाना असल्यास गळाची काठी जप्त, परवानाधारक असल्यास परवाना कायमचा रद्द. परवानाधारक एकच आहे, हे लिहिताना माझ्या ध्यानात होते. तो नियम मोडणार नाही, हेही मी गृहीत धरले होते, कारण नियम त्याच्याच शब्दावर झाला होता.

त्यानंतर काठावर बायका बसेनाशा झाल्या. जेमीबाई वाटेत भेटली तर माझ्याशी बोले, आबांशी बोलत नसे. आबा गळाविना टायरच्या तुकड्यावर बसत आणि त्यांच्या डावीकडची जागा रिकामी असे.

श्रावणाच्या मध्यावर मी ओढ्याच्या मुखाशी पाण्याचे नमुने घ्यायला गेले. दुपारचे तीन वाजले असतील. गवतात हातभर लांबीची मरळ तडफडत होती. एका बाजूला आबा बसले होते, दुसऱ्या बाजूला जेमीबाई, आणि मधे काठी पडली होती. महिन्याभरात ती दोघे मला प्रथमच एकत्र दिसली. मासा परत सोडता येईल का, हे मी आधी पाहिले. गळ आतड्यापर्यंत गेला होता. नर होता. काठापासून वावभर अंतरावर पाण्यात तांबूस पुंजका गोल फिरत होता.

जेमीबाईची सून चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. पोट कापून बाळंतपण झाले होते, टाके भरत नव्हते. टाके भरायला मरळीचे पाणी, म्हणजे मरळ उकळून केलेला पातळ रस्सा, द्यावा, असे त्या भागात सगळेच मानतात. आमच्या घरीही मानत. हे मला जेमीबाईने सांगितले आणि पुढे म्हणाली, "मी धरली. घे काठी."

आबा म्हणाले, "सदर मासा मी धरला आहे."

मी दोघांकडे पाहिले. जेमीबाईचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. आबांची विजार कोरडी होती, परंतु त्यांच्या उजव्या तळव्यावर दोरीचा ताजा वळ होता. पाण्यात एक उतरले असेल आणि दोरी दुसऱ्याने ओढली असेल; किंवा तो वळ मासा धरल्यावर, मला येताना पाहून, काठी हिसकावून घेताना उठला असेल. घाबरल्यावर त्यांच्या तोंडी ती भाषा येते, हे मला माहीत होते. खोटे बोलतानाही येते का, हे माहीत नव्हते, कारण तोवर ते खोटे बोलल्याचे मला माहीत नव्हते.

"आबा, नेमकं सांगा," मी म्हणाले. "परवाना कायमचा जाईल."

"लिख. लोटन. काठी मन्ही." मग जेमीबाईकडे न पाहता म्हणाले, "तिले बस गाठनी शे. चिंचपाडानी बस साडेतीनले येस. लवकर लिख."

जेमीबाई तिच्या बोलीत काहीतरी बोलली. मला ते समजले नाही, आबांना समजले असावे. त्यांनी खिशातली पिशवी काढली, परवाना बाहेर घेतला, नेहमीसारखा एकदा पाहिला आणि माझ्या हातात दिला. मी नाव लिहिले. जप्त मासा कोठे जमा करायचा, याची तरतूद मी नियमात केलेली नव्हती. तेव्हा मी त्याची लांबी घेतली आणि तो गवतात होता तेथेच ठेवला. जेमीबाईने तो पदराखाली घेतला आणि ती रस्त्याकडे चालू लागली.

"पोच दे," आबा म्हणाले. परवाना जमा केल्याची पावती. माझ्यापाशी कोरा फॉर्म नव्हता. उद्या आणून देते, असे मी म्हणाले.

त्यानंतर मी आबांना एकदाच पाहिले. पुढच्याच आठवड्यात ओढ्याला मोठे पाणी आले, नमुने घेण्याचे काम थांबले, आणि माझे कंत्राट संपले. आबा कोरीटला गेले, एवढे जेमीबाईकडून कळले. सुनेचे टाके भरले. मरळीने की दवाखान्याने, यावर पाड्यात वाद होता. नियम अजून आहे तसाच आहे.

ती शेवटची भेट अशी. परवाना जमा केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावती घेऊन ओढ्याच्या मुखाशी गेले. आबा मांडीभर पाण्यात उभे होते. हातात करंजाची पाल्यासकट फांदी होती. त्यांच्यापुढे पाण्यात तो तांबूस पुंजका फिरत होता, काल होता त्याहून थोडा लहान, किंवा मला तसे वाटले. खंड्या जवळ आला की ते फांदी उचलत. पाण्याखाली काही हलले की फांदीचे टोक हलकेच बुडवत. बांधावरून गुरे नेणारा एक माणूस मला म्हणाला की ते कालपासून असेच उभे आहेत, मधे भाकरीपुरते वर आले तेवढेच.

मी काठावर उभी राहून मनाशी मांडणी करू लागले. बाप गेल्यावर तासाभरात पिल्ले संपतात, हे आबांचे म्हणणे. त्यावर नियम उभा. परंतु पिल्ले होती. तेव्हा एक तर ते म्हणणे चुकीचे होते आणि मी दोन महिने बायकांचे कालवण उगाच बंद केले. किंवा म्हणणे बरोबर होते आणि एका म्हाताऱ्या माणसाने करंजाच्या फांदीने पिल्ले राखली होती, जे कोणत्याही पुस्तकात बसत नाही. किंवा मादी जवळपास होती आणि खरी राखण तीच करत होती, आबांना नकळत. तिन्हींपैकी एकही शक्यता मला खोडता येईना.

"आबा," मी हाक मारली. "पोच आणली आहे."

त्यांनी मान वळवली नाही. डावा हात मागे करून मला थांबण्याची खूण केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुन्ही सावली पडी ऱ्हायनी पाणीवर. पिल्लं भेतस. मांगे सर."

मी दोन पावले मागे सरले. त्यांनी पाण्याकडे पाहिले आणि हात पुन्हा हलवला: अजून. मी आणखी सरले. सूर्य माझ्या पाठीशी होता आणि सावली लांब होती. हात हलतच राहिला, आणि मी पावती हातात धरून, गवतातून मागे मागे, बांध लागेपर्यंत सरत गेले.